रिमोट सेन्सिंगवाल्यांच्या सोसायटीची मेंबरशिप: पैसे वसूल होतात का?

ऑफिसमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोरगं पहिल्या काही महिन्यांत एकच प्रश्न विचारतं, की ताई, रिमोट सेन्सिंगच्या (म्हणजे विमानातून किंवा सॅटेलाइटवरून घेतलेल्या इमेजवरून जमिनीवरचं ओळखायच्या) सोसायट्यांपैकी आपल्या भारतातल्या आयएसआरएसची मेंबरशिप घेऊ का, का आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेची घेऊ, का उगाच पैसे घालवू नको, आणि तेच तेच सांगून आता माझा घसा बसायला लागलाय म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. मी नवी मुंबईत एका छोट्या कन्सल्टन्सीत काम करते. म्हणजे इस्रोत नाही, आयआयटीत नाही, प्रोफेसर नाही. तिवरं, खाडी, मिठागरं, डोंगरउतारावरची बांधकामं असे नकाशे करून क्लायंटला द्यायचे हे आमचं पोटापाण्याचं काम. तेव्हा हा रिव्ह्यू त्या नजरेने वाचा, पीएचडीवाल्यांचा हिशोब वेगळा असणार.

आधी एक गोष्ट कबूल करायला पाहिजे की वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सोसायटीत जायला जी कारणं होती त्यातली निम्मी आता उरलेलीच नाहीत. तेव्हा इमेज विकत घ्यायला लागायची, ऑर्डर हैदराबादच्या सरकारी केंद्राला जायची, सीडी यायची, आणि कोणाकडे कुठला सीन पडलाय हे माहीत असणं हीच मोठी इस्टेट होती. आता अमेरिकेच्या लँडसॅट सॅटेलाइटचा डेटा २००८ पासून फुकट आहे, युरोपच्या सेंटिनेलचा फुकट, आपल्या इस्रोच्या एनआरएससी सेंटरच्या भूनिधी पोर्टलवर आपल्याच रिसोर्ससॅट सॅटेलाइटचा डेटा मिळतो, डेहराडूनच्या आयआयआरएस इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन कोर्स घरी बसून करता येतात, आणि बाकीचं यूट्यूबवर कोणीतरी शिकवतंच आहे. मग सोसायटीचं काय लोणचं घालायचं? प्रश्न बरोबर आहे. पण माझं उत्तर तरी "घ्या" असंच आहे, फक्त कुठली घ्यायची आणि घेऊन काय करायचं त्यात सगळी गंमत आहे.

तर पहिली आयएसआरएस, इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग. १९६९ची संस्था आहे, म्हणजे पहिला लँडसॅट १९७२ला उडाला त्याच्याही आधीची, आणि तेव्हा तिचं नाव होतं इंडियन सोसायटी ऑफ फोटो-इंटरप्रिटेशन, कारण सगळं काम विमानातून काढलेल्या फोटोंवर चालायचं, दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली ठेवायचे आणि डोळे दुखेपर्यंत बघत बसायचं. हेड ऑफिस डेहराडूनला, कारण ही विद्या शिकवणारी इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची आयआयआरएस, १९६६ला डच लोकांच्या मदतीने तिथे सुरू झाली. जर्नलचं जुनं नाव फोटोनिर्वाचक, आता ते स्प्रिंगर छापतं. हिची लाइफ मेंबरशिप असते, एकदाच पैसे भरले की विषय संपला, दरवर्षी रिन्यूची कटकट नाही, आणि या लाइनमध्ये दहा-पंधरा वर्षं काढायचा विचार पक्का असेल तर हीच सगळ्यात स्वस्त पडते. फी वेळोवेळी बदलते म्हणून आकडा लिहीत नाही, साईटवर बघा. स्टुडंट असाल तर स्टुडंटची वेगळी आहे.

डेहराडून लांब आहे, पण तिथे जायची गरजच पडत नाही, कारण खरा माल चॅप्टरमध्ये, म्हणजे गावोगावच्या शाखेत, असतो. मुंबई चॅप्टर आहे, आणि मुंबईत या विषयाचं घर म्हणजे पवई, आयआयटीतलं सीएसआरई, १९७६ पासूनचं सेंटर. १२ ऑगस्टला, विक्रम साराभाईंच्या जन्मदिवशी, नॅशनल रिमोट सेन्सिंग डे असतो, तेव्हा ठिकठिकाणी लेक्चरं, शाळकरी मुलांसाठी काहीतरी, असे कार्यक्रम होतात. एरवीही अधूनमधून कोणीतरी अहमदाबादहून किंवा हैदराबादहून येतं आणि बोलतं. मेंबर नसलं तरी बरेचदा आत बसू देतात हे खरंय, पण मेंबर असलं की मेल येतो, आणि मेल आला तर आपण जातो, नाहीतर शनिवारी कोण उठून पवईला जाणार, डोंबिवलीहून तर नाहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल लेक्चर तर ऑनलाइन पण ऐकता येतं. हो, येतं. पण लेक्चर हा फायदा नाहीच मुळी. फायदा काय ते एका पोस्टर सेशनचा (मुलं आपलं काम पोस्टरवर लावून शेजारी उभी राहतात आणि लोक येऊन विचारतात तो) किस्सा सांगते म्हणजे कळेल.

एका मुलीचं पोस्टर होतं, ठाणे खाडीतली तिवरं, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या इमेजवरून काढलेला बदल. सुंदर केलं होतं, ए-झिरो साइजचं, कलर स्कीम छान, अॅक्युरसी टेबल, सगळं जागच्या जागी, आणि रिझल्ट असा की खाडीच्या बाजूची किनार बरीच कमी झाली. दोन-तीन लोकांनी "व्हेरी नाइस" म्हणून फोटो काढले. मग एक रिटायर झालेले काका आले, चष्मा वर करून पोस्टरला नाक लावून तारखा वाचल्या आणि म्हणाले, "बाळ, या दोन दिवसांना तिथी काय होती?"

आजूबाजूचे हसले. मुलगी गोंधळली. काका हसले नाहीत. त्यांनी तिच्याच मोबाइलवर तिला कॅलेंडर उघडायला लावलं आणि निघालं असं की एक इमेज अष्टमीच्या आसपासची होती आणि दुसरी पौर्णिमेच्या जवळची. आता आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या जवळपास, भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला असते आणि भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, साधारण त्याच वेळेला ओहोटी असते. आणि सॅटेलाइट येतो कधी? सेंटिनेल-२ काय, रिसोर्ससॅट काय, सगळे आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला जातात कारण त्यांची ऑर्बिट सूर्याच्या वेळेला बांधलेली असते. म्हणजे पौर्णिमेच्या इमेजमध्ये खाडी भरत आलेली, चिखलाचा पट्टा आणि कडेची कोवळी रोपं पाण्याखाली, आणि अष्टमीच्या इमेजमध्ये तीच रोपं उघडी. क्लासिफिकेशन, म्हणजे इमेजमध्ये पाणी कुठे नि झाडं कुठे हे कॉम्प्युटरने ठरवणं, बिचारं बरोबरच होतं, पाण्याला पाणी म्हणालं. तिवरं कुठे गेली नव्हती.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत हे मला जास्त आवडलं. तिला म्हणाले, काही बिघडलं नाही, पोस्टर फाडू नकोस, भरतीच्या तक्त्यातून दोन्ही दिवसांची पाण्याची पातळी काढ, सारख्या पातळीच्या इमेज शोध आणि परत चालव, मग जो फरक उरेल तो खरा. पंधरा मिनिटं उभे राहून त्यांनी तिला कुठला तक्ता कसा वाचायचा हे सांगितलं. ही गोष्ट कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत असं नाही, पुस्तकात एक ओळ असतेच, पण कोळीवाड्यातल्या कुठल्याही पोराला जे माहीत असतं ते आपल्या लॅबमधल्या पोरांना माहीत नसतं आणि ते सांगायला समोर माणूस लागतो. आमच्या ऑफिसात तेव्हापासून खाडीची इमेज निवडताना तारखेपुढे भरतीची पातळी लिहायचा कॉलम आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांच्या, नियमात हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या तिवरांभोवती पन्नास मीटरचा बफर, म्हणजे राखीव पट्टा, धरायचा असतो, तेव्हा तिवरांची कड दोन पिक्सेल इकडे की तिकडे यावर कोणाचा तरी प्लॉट अडकतो. क्लायंट मग तिथी ऐकून घेत नाही.

माझ्या मते मेंबरशिपचे पैसे इथे वसूल झाले. कार्ड, सर्टिफिकेट, नावापुढे लाइफ मेंबर लिहिणं, हे सगळं ठीक आहे, बायोडेटात एक ओळ वाढते.

दुसरी आयईईईची जीआरएसएस, जिओसायन्स अँड रिमोट सेन्सिंग सोसायटी. ही एकदम वेगळी जात. आधी आयईईईचं मेंबर व्हायचं मग वरून सोसायटीचे पैसे, आणि दरवर्षी, जानेवारी ते डिसेंबर. डॉलरमध्ये. ऐकूनच पोटात गोळा येतो पण भारतासारख्या देशांसाठी ई-मेंबरशिप नावाचा कमी पैशांचा प्रकार आहे तो बघा, आणि १ मार्च ते १५ ऑगस्टच्या मध्ये घेतली तर अर्ध्या वर्षाचेच पैसे पडतात, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. मिळतं काय तर ट्रान्झॅक्शन्स आणि लेटर्स ही त्यांची जर्नल ऑनलाइन वाचायला, जे कंपनीत काम करणाऱ्याला फार मोठं आहे कारण आमच्याकडे कुठली लायब्ररी, एक पेपर विकत घ्यायचा तर जेवणाचं बिल होतं. त्यांचंच आणखी एक जर्नल जेस्टार्स तर आता सगळ्यांनाच खुलं आहे, त्यासाठी मेंबर व्हायला नको. कॉन्फरन्सला मेंबरला फी कमी. इगार्स या त्यांच्या जागतिक कॉन्फरन्सला जाणं माझ्यासारखीला परवडणारं नाही, पण इनगार्स म्हणून भारतातली वेगळी असते, २०२४ला गोव्यात झाली, तिथे जायचं असेल त्या वर्षी मेंबरशिप घ्या आणि नसेल जायचं तर सोडून द्या, कोणी घरी येऊन विचारत नाही. विद्यार्थ्यांना तर मी म्हणेन डोळे झाकून घ्या, स्टुडंटचे पैसे फार कमी आहेत आणि रडारमध्ये ज्याला काही करायचंय त्याला याच्याशिवाय पर्याय नाही.

रडारवरून आठवलं. निसार हा रडारचा सॅटेलाइट ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून उडाला, नासाचं एल बँडचं आणि इस्रोचं एस बँडचं रडार (बँड म्हणजे किती लांबीच्या लहरी वापरतात ते) एकाच सॅटेलाइटवर, बारा मीटरचा अँटेना, बारा दिवसांनी परत तीच जागा. मुंबईवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऑप्टिकल, म्हणजे साध्या उजेडात काढलेली, इमेज म्हणजे नुसता ढगांचा कापूस. सेंटिनेल-१चं सी बँडचं रडार ढगातून बघतं पण तिवरांच्या झाडोऱ्याच्या वरच्या पानांतच अडकतं, साडेपाच सेंटिमीटरची वेव्हलेंग्थ ती, आणि एल बँडची चोवीस सेंटिमीटरची खाली पाण्यापर्यंत जाऊन खोडावर आपटून परत येते, म्हणून झाडाखाली पाणी असेल तर तो भाग उजळ दिसतो. आणि इकडे पवई-हिरानंदानीसारख्या ठिकाणी रडारच्या इमेजमध्ये टॉवर सॅटेलाइटच्या बाजूला आडवे पडल्यासारखे दिसतात, ते बघून आमच्या एका नवीन मुलाने विचारलं होतं की ताई इमेज खराब आहे का. हे सगळं मला एका चहाच्या ब्रेकमध्ये समजलं, पेपर वाचून डोक्यावरून गेलं होतं. ज्याने समजावलं तो मुलगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता, म्हणजे म्हाताऱ्यांकडूनच शिकायचं असतं असं काही नाही.

तिसरी आयएसजी, इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्स, १९९३ची, अहमदाबादला इस्रोच्या सॅक सेंटरच्या आवारातून चालते. लोक बरेचसे तेच, कार्यक्रम पण कधीकधी दोघांचे एकत्र होतात. जीआयएसकडे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांकडे, जास्त कल असेल तर ही घ्या, दोन्ही घेतल्या तरी चालतं, पण दोन्ही घेऊन दोन्हीकडे न जाणं याला काही अर्थ नाही. बाहेरच्या देशांतल्या पण सोसायट्या आहेत, ब्रिटनची आरएसपीसॉक आहे जी २००१मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र होऊन झाली, इंटरनॅशनल जर्नल ऑफ रिमोट सेन्सिंग हे त्यांचं जर्नल, नाव मोठं आहे, पण मुंबईत बसून त्यांच्या मीटिंगला कोण जाणार. तिकडे पीएचडीला जाणार असाल तर तिकडे गेल्यावर बघा. आणि आयएसपीआरएसची मेंबरशिप घेऊ का असं विचारू नका प्लीज, ती १९१०ची व्हिएन्नात निघालेली जागतिक संस्था आहे आणि तिथे मुख्यतः देशादेशांच्या सोसायट्या मेंबर असतात, आपल्याकडून आयएसआरएस आहे. त्यांचे कॉन्फरन्सचे पेपर मात्र सगळ्यांना फुकट वाचता येतात, ते जरूर वाचा.

आता तक्रारी. एका सोसायटीने, या वरच्यांतली नाही, नाव घेत नाही, माझे पैसे भरून घेतल्यावर मेंबरशिप नंबर द्यायला इतका वेळ लावला की मी विसरूनच गेले होते, मेलला उत्तर नाही, फोन उचलला तर "मॅडम नेक्स्ट वीक करा". शेवटी ओळखीच्या एकांनी तिथे जाऊन सांगितलं तेव्हा हललं. तेव्हा पैसे भरलेल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, फॉर्मची कॉपी ठेवा, एवढंच.

दुसरी तक्रार कुठल्या एकीची नाही, या सगळ्या प्रकाराचीच आहे. उद्घाटनं फार. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, रोपटं, मग प्रत्येक पाहुण्याची ओळख, त्यात पहिला तास जातो, आणि ज्याच्यासाठी आलो त्या लेक्चरला शेवटी वीस मिनिटं उरतात आणि प्रश्नोत्तरं तर "वेळेअभावी". अनुभवी लोक सरळ चहाच्या वेळेला उगवतात. कमिट्यांमध्ये वर्षानुवर्षं सरकारी आणि कॉलेजची माणसं, प्रायव्हेटवाले कमी, बायका त्याहून कमी, आणि दोष त्यांचा म्हणावा तर निवडणुकीला मत द्यायचा मेल आला की आपणच तो उघडत नाही. नोकरी मिळवून देतील अशी अपेक्षा ठेवून तर अजिबात जाऊ नका. ओळखी होतात, ओळखीतून कधी काही निघतं, आमच्याकडे एक मुलगी तशीच आली, पण ते होईलच असं नाही.

आणि एक, हे जरा तिखट वाटेल. हल्ली डीप लर्निंग करून आलेली खूप मुलं आहेत ज्यांना कोड अफलातून येतो आणि ज्यांच्यासाठी सॅटेलाइट इमेज म्हणजे एक मोठा फोटो. रिफ्लेक्टन्स (जमिनीवरून किती उजेड परत आला ते) काय, अॅटमॉस्फेरिक करेक्शन (मधल्या हवेचा परिणाम काढून टाकणं) काय, कशाशी देणंघेणं नाही. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२च्या डेटात प्रोसेसिंग बदललं आणि प्रत्येक आकड्यात १००० मिसळून यायला लागले, ते वजा केले नाहीत तर एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई किती ते सांगणारा आकडा, त्या तारखेपासून अचानक खाली येतो, कारण त्यात दोन बँडच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागतात, वरच्या वजाबाकीत ते १००० उडून जातात, खालची बेरीज मात्र वाढते आणि गुणोत्तर दबतं. आरे कॉलनीची झाडं एका रात्रीत सुकल्याचा ग्राफ मी डोळ्यांनी बघितलाय, बनवणाऱ्याने त्यावर वृक्षतोडीचा बाण पण काढला होता. गूगलच्या अर्थ इंजिनवर याच्यासाठी हे १००० आधीच वजा केलेलं हार्मोनाइज्ड कलेक्शन आहे, ते घेतलं की भानगड मिटते. अशा मुलांनी तर मेंबर व्हाच, आणि आल्यावर मागच्या रांगेत लॅपटॉप उघडून बसू नका. म्हाताऱ्यांना तुमचा कोड हवाय आणि तुम्हाला त्यांचं जमिनीवरचं ज्ञान हवंय, पण दोघंही आपापल्या घोळक्यात समोसा खातात.

ज्यांना आपली परंपरा वगैरे आवडते त्यांच्यासाठी एक, पिशारोटी, ज्यांना भारतातल्या रिमोट सेन्सिंगचे जनक म्हणतात आणि ज्यांनी १९७०च्या सुमाराला केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढून नारळाच्या झाडांचा रोग ओळखायचा प्रयोग केला, ते त्याआधी आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेचे डायरेक्टर होते. मुंबईकरांना हे कोणी सांगत नाही. मला पण चॅप्टरच्या एका कार्यक्रमातच कळलं.

तर माझा सल्ला असा, स्टुडंट असाल तर आयईईईची स्टुडंट आणि चॅप्टरचे कार्यक्रम. नोकरीला लागून दोन वर्षं झाली आणि हेच काम करायचं ठरलं की आयएसआरएसची लाइफ, बोनस आला त्या महिन्यात भरून टाका. कंपनीकडून पैसे मागा, आमच्याकडे ट्रेनिंगच्या बजेटमधून देतात, विचारल्याशिवाय नाही देत. आयएसआरएसला माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो उद्घाटनांसाठी, जीआरएसएसला कॉन्फरन्सच्या वर्षी चार आणि बाकीच्या वर्षी अडीच. ज्यांना फक्त लिंक्डइनवर टाकायला सर्टिफिकेट हवंय त्यांनी आयआयआरएसचा फुकटचा कोर्स करा, तेही मिळतं आणि जरा शिकायलाही होतं.

पवईला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: उतरायचं कांजूरमार्गला, तिथे फक्त स्लो लोकल थांबते, डोंबिवलीकडून येत असाल तर फास्ट पकडून घाटकोपरला उतरून मागे येऊ नका, ठाण्याला स्लो पकडा. मेन गेटला आयडी दाखवायला लागतं, कार्यक्रमाचा मेल मोबाइलमध्ये उघडून ठेवा. आतमध्ये टमटम मिळाली तर ठीक नाहीतर पावसात चालायची तयारी ठेवा, आणि पोस्टर असेल तर कापडावर प्रिंट करून घडी घालून न्या, कागदाची लांब नळी घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायला गेलात तर पोस्टर आणि तुम्ही दोघंही चुरगळाल.